धूसर व्हिडिओ वेगळा, तुटलेला व्हिडिओ वेगळा

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. तो चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा भाग असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. गावोगावी लोकांनी ते दृश्य मोबाईलवर टिपलं. आजही त्या क्लिप फिरतात आणि त्यांच्याच जोडीला स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटच्या समुद्रातल्या उतरण्याची जुनी, चौकोन-चौकोन झालेली क्लिप येते. खाली सल्ला ठरलेला: "एचडी करणाऱ्या ॲपमध्ये टाका, साफ होईल." हा सल्ला दोन्ही ठिकाणी चुकतो, पण चुकण्याची कारणं वेगळी आहेत.

धूसर व्हिडिओबद्दल फार सांगायला नको, लग्नाच्या शूटिंगपासून तो सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार, डिजिटल झूम, हलणारा हात, वरून व्हॉट्सॲपचं कॉम्प्रेशन. यात तपशील एकतर टिपलाच गेला नाही, नाहीतर फेकला गेला. तो परत आणता येत नाही. ॲप जी धार दाखवतं, ती त्याने अंदाजाने काढलेली असते.

तुटलेल्या व्हिडिओत कॅमेऱ्याने चित्र नीट टिपलेलं असतं, वाटेत आकडे बिघडतात. १८ एप्रिल २०१४ च्या सीआरएस-३ या अंतराळ स्थानकाकडे सामान नेणाऱ्या मोहिमेत फाल्कन ९ चा पहिला टप्पा (रॉकेटचा खालचा भाग) उतरण्यासाठीचे पाय उघडून अटलांटिकमध्ये हळुवार उतरला. पण कमकुवत सिग्नलमुळे व्हिडिओचे बिट, म्हणजे फाइलमधले ० आणि १, जागोजागी उलटले होते. स्पेसएक्सने मूळ फाइल खुली केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती बिट-बिट करून दुरुस्त केली. शेवटी उघडणारे पाय दिसले.

ही दुरुस्ती कशी होते ते नीट समजून घ्या, गोंधळ इथेच आहे. व्हिडिओचा असा प्रवाह (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, थोडक्यात टीएस) १८८ बाइटच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये येतो. पावसाळ्यात डिश टीव्हीचं चित्र फुटतं, तिथेही हीच पॅकेटं असतात. प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकडेपद्धतीत) ४७ असतो, म्हणून फाइल फाटली तरी दर १८८ बाइटवर ही खूण शोधून पॅकेटं पुन्हा रांगेत लावता येतात. पुढच्या ३ बाइटमध्ये पॅकेट व्हिडिओचं की दुसऱ्या कशाचं, हे सांगणारा १३ बिटचा क्रमांक आणि ० ते १५ असा फिरणारा मोजणी-आकडा असतो. त्या क्रमांकातला एक बिट उलटला तरी प्लेअर ते पॅकेट टाकून देतो. आतलं चित्र मात्र शाबूत असू शकतं. मोजणीत ६ नंतर ८ आला, तर मधलं ७ क्रमांकाचं पॅकेट चुकीच्या नावाने जवळपासच पडलेलं असण्याची शक्यता मोठी. आधी ते शोधायचं.

मग चित्राकडे वळायचं. आय-फ्रेममध्ये पूर्ण चित्र असतं, पी-फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापासूनचा बदल. चित्र १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांत लिहिलेलं असतं आणि त्याचे कोड कमीजास्त लांबीचे असतात. एक बिट चुकला की पुढचा कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. शर्टाचं पहिलं बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, तसं. शिवाय आय-फ्रेममध्ये चौकोनाचा उजेड आणि रंग शेजारच्या चौकोनाच्या आधारे लिहिलेला असल्याने एका जागची चूक पट्ट्यासारखी पसरते. म्हणून बिघडलेला चौकोन शोधायचा, त्याचा बिट बदलून पाहायचा, नाही जमलं तर तो एकच चौकोन वगळून पुढचा कोणत्या बिटपासून नीट वाचला जातो ते शोधायचं. आय-फ्रेम आधी, पी-फ्रेम नंतर, हा क्रम मोडू नका. पाया चुकीचा असेल तर पी-फ्रेमवर घेतलेली मेहनत वाया जाते.

आता फ्रेममध्ये दिसणारा काळा डाग पाय आहे, धूर आहे की बिघाड? कडा १६ पिक्सेलच्या जाळीवर बरोबर बसत असतील, तर बिघाड. ओघळलेला रंग पुढच्या आय-फ्रेमला एकदम गायब झाला, तर बिघाड. धूर जाळी पाळत नाही. पाय असेल तर तो लागोपाठच्या फ्रेममध्ये एकाच दिशेने सरकत उघडतो. एकट्या स्क्रीनशॉटवर "पाय तुटला" असा निकाल देणं मला अजिबात मान्य नाही.

सगळ्यात जास्त नुकसान स्क्रीन रेकॉर्डिंगने होतं. त्यात फुटलेले चौकोनच नवं, "नीट" चित्र म्हणून पुन्हा लिहिले जातात आणि बिट दुरुस्त करायची वाट कायमची बंद होते. एमपीफोरमध्ये रूपांतर केलं तरी तेच. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडेक (चित्र लिहिण्याची पद्धत) न बदलता नुसतं कंटेनर (फाइलचं बाहेरचं वेष्टन) बदललं, तरी चुकीच्या क्रमांकाची पॅकेटं गळून पडतात. म्हणून मूळ टीएस फाइल जशीच्या तशी ठेवा, काम तिच्या प्रतीवर करा आणि कोणाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.