डागडुजी मालकाची, सूट शहराची: न्यूयॉर्कची जे-५१ योजना

पन्नाशीच्या दशकातही न्यूयॉर्कच्या जुन्या भाड्याच्या इमारतींत कित्येक घरांच्या नळाला फक्त गार पाणी यायचं. आंघोळीचा टब स्वयंपाकघरात. वर फळी टाकली की त्याचंच टेबल. शहराला ही घरं सुधारून हवी होती, पण महायुद्धापासून भाड्यांवर नियंत्रण असल्याने बॉयलर आणि पाइपांवर खर्च करायला मालक राजी नव्हते. त्यात इमारत सुधारली की तिचं मूल्यांकन वाढे आणि मालमत्ता करही. म्हणजे डागडुजी करणाऱ्यालाच दंड!

१९५५ साली यावर तोडगा निघाला: जे-५१. नाव रुक्ष, कायद्याच्या कलमावरून पडलेलं. सुधारणेमुळे वाढलेल्या मूल्यावर ठरावीक वर्षं कर नाही, शिवाय चालू करातही कपात. पुढे रूढ झालेल्या दराने ही कपात मान्य खर्चाच्या ८⅓ टक्क्यांपर्यंत होती. १,२०,००० डॉलर मान्य झाले, तर वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत कर माफ. बदल्यात, सवलत चालू असेपर्यंत त्या घरांची भाडी नियंत्रणाखाली.

सत्तरच्या दशकात योजनेची व्याप्ती वाढली आणि तिथेच ती भरकटली. एकेका खोलीत राहणाऱ्या गरिबांच्या स्वस्त निवासी हॉटेलांचं रूपांतर महागड्या फ्लॅटांत झालं, तेही करसवलत घेऊन. पुढे शहराला ही वाट बंद करावी लागली.

खरा भडका उडाला तो मॅनहॅटनमधल्या दोन मोठ्या निवासी वसाहतींवरून: स्टायव्हसंट टाउन आणि शेजारचं पीटर कूपर व्हिलेज. दोन्ही मिळून ११ हजारांहून अधिक घरं. २००६ साली टिशमन स्पायर ही बांधकाम-मालमत्ता कंपनी आणि तिच्या भागीदारांनी ती ५.४ अब्ज डॉलरना घेतली. जे-५१ची सवलत चालू असतानाच महाग घरं भाडेनियंत्रणातून बाहेर काढण्याचा प्रकार आधीच्या मालकाच्या काळातच सुरू झाला होता. भाडेकरू कोर्टात गेले. मालकांचं म्हणणं, घरं जे-५१ची सवलत घेण्याआधीपासूनच नियंत्रणात होती, तेव्हा जे-५१ची अट आम्हाला लागू नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००९ मध्ये ते फेटाळलं: सवलत घेता, तर अटही पाळा.

२०२२ मध्ये योजनेची मुदत संपली. २०२३ मध्ये राज्याने सुधारित आवृत्तीला वाट मोकळी करून दिली. आता फक्त करकपात, आणि ज्या कामासाठी ती घेतली त्याच कामापोटी भाडेवाढ मागण्याचा हक्क मालकाला सोडावा लागतो.