शेअरिंग टॅबची परमिशन आणि सिक्युरिटी टॅबची परमिशन: नेमकं कुठं अडतंय?

लातूर घ्या, जालना घ्या नाहीतर नांदेड, दालमिल असो, बियाण्याचं ऑफिस असो की सीएचं, एक सर्व्हर, त्याच्यावर शेअर केलेलं एक फोल्डर आणि तक्रारी ठरलेल्या दोन. एक म्हणजे "सर, परमिशन दिली तरी ॲक्सेस डिनाइड म्हणायलंय", आणि दुसरी मालकाची, "ह्याचं पगाराचं फोल्डर बंद करा म्हणलं होतं, तरी ह्याला उघडायलंय की". ह्या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच गोंधळातून येतात. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग नावाचा एक टॅब आहे आणि सिक्युरिटी नावाचा दुसरा, दोन्हीत युजरची नावं, दोन्हीत अलाऊ-डिनायचे टिकमार्क, दोन्हीत फुल कंट्रोल लिहिलेलं, त्यामुळं माणसाला वाटतं एकच गोष्ट दोन ठिकाणी दिलीय, कुठूनही केलं तरी चालतंय. तसं नाही.

शेअरिंगवाली परमिशन ही शेअरची असते, म्हणजे नेटवर्कवरून त्या फोल्डरपर्यंत यायचा जो रस्ता तुम्ही उघडलात त्या रस्त्याची. तिच्यात फक्त तीन पायऱ्या, रीड, चेंज आणि फुल कंट्रोल. शेअरच्या आत कितीही फोल्डर असू द्या, सगळ्यांना तीच लागू, आतल्या एका फोल्डरला वेगळी देता येत नाही. सिक्युरिटीवाली परमिशन म्हणजे एनटीएफएसची (विंडोजची डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत), ती डिस्कवर त्या फाइल-फोल्डरसोबतच लिहिलेली असते, १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून चालत आलीय, आणि तिच्यात रीड, राइट, मॉडिफाय, लिस्ट असे बारीक भेद आहेत, वर प्रत्येक आतल्या फोल्डरला, अगदी एकेका फाइललासुद्धा वेगळी देता येते. पेन ड्राइव्ह नाहीतर जुनी एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ किंवा एक्सफॅट ह्या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर सिक्युरिटी टॅबच दिसत नाही, तिथं जे काय करायचं ते शेअरिंगवरच.

आता खरा फरक. मोंढ्याचं गेट आणि आतल्या आडत दुकानाचं शटर असं समजा. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही पार करावं लागतं, गेटवर अडला तर शटर उघडं असून उपयोग नाही, आणि गेट सताड उघडं पण शटर बंद तर तो नुसता दुकानापुढं उभा. पण जो हमाल रात्री मोंढ्यातच झोपलाय त्याला गेटशी काय देणंघेणं? त्याला अडवणार ते फक्त शटर. शेअर परमिशन ही गेट आहे, ती नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागू होते. सर्व्हरवरच कीबोर्ड घेऊन बसलेल्याला, आणि लक्षात घ्या, रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचाच स्क्रीन उघडून, सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्यालाही ती लागू होत नाही.

रिमोट डेस्कटॉपचं मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडं तो प्रकार लई चालतो. टॅली सर्व्हरवर टाकलेलं, अकाउंटवाले सगळे रिमोट डेस्कटॉपने तिथंच काम करतेत, आणि मालकानं शेअरवर सगळ्यांना फक्त रीड देऊन निवांत झोप घेतलेली. तो अकाउंटवाला रिमोटवर डी ड्राइव्ह उघडतो आणि त्याच फोल्डरमधली फाइल आरामात डिलीट करतो. शेअर परमिशनचं काही चुकलं नाही, तो त्या रस्त्यानं आलाच नाही. अशा ऑफिसात सिक्युरिटी टॅब सोडून दुसरा इलाज नाही.

दोन्ही लागू असतात तेव्हा हिशोब असा, की आधी शेअरच्या यादीतून त्या युजरला काय मिळतं ते काढा, मग सिक्युरिटीच्या यादीतून, आणि दोन्हीत जे कमी ते त्याला मिळतं. शेअरवर रीड आणि सिक्युरिटीत फुल कंट्रोल असेल तर नेटवर्कवरून रीडच. उलटं असेल तरी रीडच. पण, आणि इथं भले भले घसरतात, एकाच यादीच्या आत मात्र बेरीज होते. एखादा पोरगा डिस्पॅचच्या ग्रुपमध्ये आहे ज्याला रीड दिलंय आणि वसुलीच्या ग्रुपमध्येही आहे ज्याला मॉडिफाय दिलंय, तर त्याला मॉडिफाय मिळणार. यादीच्या आत बेरीज, दोन याद्यांमध्ये जी कमी ती. हे उलटंसुलटं डोक्यात बसलं की मग दिवसभर टिकमार्क काढा-घाला चालू राहतं.

पहिली तक्रार, परमिशन दिली तरी ॲक्सेस डिनाइड, म्हणजे बहुतेक फाइल उघडतेय पण सेव्ह होत नाही, ही बहुतेक गेटवरच अडलेली असते. विंडोज २००० पर्यंत नवीन शेअर केला की एव्हरीवनला आपोआप फुल कंट्रोल मिळायचं, सर्व्हर २००३ पासून ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून केला तर एव्हरीवनला फक्त रीड मिळतं. मग माणूस सिक्युरिटीत जाऊन मॉडिफाय देतो, परत देतो, फुल कंट्रोल देतो, आणि शेअरवरचं रीड तसंच बसलेलं. आणखी एक गंमत, ॲडव्हान्स्डच्या वर जे साधं शेअर नावाचं बटण आहे ते सिक्युरिटीच्या यादीतही स्वतःच्या मनानं बदल करतं. सर्व्हरवर ते बटण मी तरी वापरत नाही.

म्हणून बहुतेक ॲडमिन गेट ढिलं ठेवतेत आणि शटर नीट लावतेत. शेअरवर ऑथेंटिकेटेड युजर्सना (म्हणजे लॉगिन करून आलेल्या सगळ्यांना) चेंज, ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल, आणि बाकी सगळी बारीक कारागिरी सिक्युरिटीत, तीही एकेका नावावर नाही तर ग्रुपवर. सगळ्यांना फुल कंट्रोल का नाही तर, ज्यानं फाइल बनवली तो तिचा ओनर होतो आणि ओनरला तिची परमिशन बदलायचा हक्क असतोच, शेअरवर चेंज ठेवलं की नेटवर्कवरून तरी तो हक्क चालवता येत नाही.

दुसरी तक्रार, बंद केलं तरी उघडतंय, ही मात्र शटरची असते, आणि तिचं कारण बहुतेक इनहेरिटन्स, म्हणजे वरच्या फोल्डरची परमिशन खाली उतरणं. डी ड्राइव्हवर विंडोजनं आधीच युजर्स नावाच्या ग्रुपला वाचायची परमिशन देऊन ठेवलेली असते, ती खालच्या प्रत्येक फोल्डरात उतरते. तुम्ही पगाराच्या फोल्डरवर फक्त मालक आणि अकाउंटंटचं नाव घातलं, पण ते युजर्स तिथंच बसलंय, काढायला गेलं तर निघत नाही, वरून आलंय म्हणतं. तिथं ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स डिसेबल करायचं, विचारल्यावर आधीच्या परमिशन कन्व्हर्ट करून ठेवायच्या, आणि मग युजर्स काढून टाकायचं. ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टीम ही नावं काढू नका, बॅकअप बंद पडला की मग कळतं.

काही जण हे सगळं टाळून सरळ युजर्सवर डिनायचा टिकमार्क मारतेत. नका मारू. एकाच फोल्डरवर दिलेलं डिनाय अलाऊला हरवतं, आणि मालकसुद्धा त्याच युजर्स ग्रुपमध्ये असतो, मग तुमचा फोन वाजायलाच लागतो. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीतच नको, एवढं पुरतं.

ग्रुप बदलला की त्या युजरला लॉगऑफ करून परत लॉगिन करायला लावा, कारण तो कोणत्या ग्रुपमध्ये आहे हे लॉगिनच्या वेळीच ठरतं, नाहीतर बरोबर केलेलं असून तुम्हीच बसाल डोकं खाजवत. तसंच त्याच ड्राइव्हवर फाइल कट करून दुसऱ्या फोल्डरात टाकली तर ती बहुतेक स्वतःच्या जुन्या परमिशन घेऊन जाते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या घेते. शंका असेल तर सिक्युरिटीच्या ॲडव्हान्स्डमध्ये इफेक्टिव्ह ॲक्सेस आहे, युजरचं नाव टाका आणि बघा त्याला खरं काय मिळतंय.

राहिलं लपवायचं. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की ते नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, पण ज्याला नाव माहितीय तो टाइप करून आत येतोच, त्यामुळं त्याला परमिशन समजू नका. मालकाला जर असं पाहिजे असेल की पगाराचं फोल्डर डिस्पॅचवाल्याला दिसायलाच नको, तर सर्व्हर मॅनेजरमध्ये त्या शेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲक्सेस बेस्ड इन्युमरेशन चालू करायचं. ते सेटिंग शेअरचं असलं तरी काय दाखवायचं आणि काय नाही हे ते सिक्युरिटीची यादी बघूनच ठरवतं, तिथं वाचायची परमिशन नसेल तर फोल्डर गायब. आणि हेही नेटवर्कवरूनच बरं का, रिमोट डेस्कटॉपने आलेल्याला डी ड्राइव्हमध्ये त्या फोल्डरचं नाव दिसणारच, फक्त उघडणार नाही.