कापसातली मांजर आणि ‘बाहेरचं’

भाव चढेल या आशेवर कापूस घरातच साठवायचा, ही जळगाव-धुळ्याकडची रीत. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग आणि त्याच्या उबेत हमखास व्यायलेली मांजर. घरातलं तरणं पोर एकटंच बडबडू लागलं, कानात आवाज येतात म्हणू लागलं, की ‘बाहेरचं लागलं’ म्हणत आधी भगत गाठतात, दवाखाना नंतर. मांजरीवर संशय कोण घेणार?

वैद्यकाने मात्र तो घेतला, तोही सावकाश. १९०८ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी बर्लिनमधल्या व्याख्यानात ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरला. कानात नसलेले आवाज येण्याच्या या मनोविकाराला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. त्याच वर्षी ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला. तेव्हा दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी एका प्रकारच्या वेडाने दगावलेल्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. वेडामागे जंतू असू शकतो, हे तिथून हसण्यावारी नेता येईना.

टोक्सोप्लाझ्माचं खरं घर म्हणजे मांजरीचं आतडं, हे १९७०च्या सुमारास पक्कं झालं. विष्ठेतून पडलेली त्याची बीजं ओल्या मातीत वर्षभरही तगतात. मळ्यातली काकडी सदऱ्याला पुसून खाल्ली किंवा मटण कच्चट राहिलं, की तो माणसात शिरतो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. तो मेंदूत आणि स्नायूंत गाठी करून जन्मभर पडून राहतो. उंदराचं मात्र वेगळंच. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसलं, की लागण झालेल्या उंदरांची मांजरीच्या वासाची भीती जाते, काही तर त्या वासाकडे ओढले जातात. परजीवीला हवं तेच!

अमेरिकेत टॉरी आणि योल्कन या संशोधक डॉक्टरांनी २००३ मध्ये हा धागा छिन्नमनस्कतेला जोडला. टॉरींच्या सख्ख्या बहिणीलाच हा आजार होता. २००७ मध्ये त्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा लागणीच्या खुणा रुग्णांत आढळण्याची शक्यता निरोग्यांच्या सुमारे २.७ पट भरली. आकडा भुरळ घालतो खरा, पण आधी लागण की आधी आजार, हे त्यातून कळत नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मापासून पाहणीत असलेल्या आठशेहून अधिक जणांच्या अभ्यासात २०१६ साली असा संबंध जवळपास दिसलाच नाही. शिवाय जगात लागण कोट्यवधींना आहे, छिन्नमनस्कता शंभरात एकालाही नाही. नुसत्या परजीवीवर खापर फोडणं मला तरी पटत नाही.

आमच्या आजीची मांजरीबद्दल एकच तक्रार असे: कापूस घाण करते, व्यापारी भाव पाडतो.