पाणी पाजू नका, खुर्ची आडवी करा

डेंटल हायजिनिस्टच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली दात साफ करणाऱ्यांच्या, कोर्सच्या मुलामुलींना मी पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारतो. खुर्चीतला पेशंट पांढराफटक पडला, कपाळावर घाम, मान कलली. काय कराल? वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "पाणी पाजू."

सांगली-मिरजेत पावलापावलावर हॉस्पिटलं, तरी उत्तर हेच. दोष मुलांचा नाही. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात कुणी कोसळलं की हेच बघत आपण मोठे झालो. फिट आली तर नाकाला कांदा, नाहीतर चप्पल. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला नीट गिळता येत नाही, ठसकाही लागेलच असं नाही. तोंडात ओतलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत उतरू शकतं.

दाताच्या खुर्चीत सगळ्यात जास्त वेळा घडते ती साधी भोवळ. सुई दिसली की भीतीने व्हेगस नावाची मज्जातंतू जोरात काम करू लागते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त पायांत साचतं. मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून शुद्ध जाते. उभा माणूस अशा वेळी खाली कोसळतो आणि आडवा झाल्यामुळेच शुद्धीवर येतो. खुर्चीतला कोसळत नाही, बसलेलाच राहतो. म्हणून खुर्ची आडवी करायची, पाय उंच करायचे, श्वास चालू आहे का बघायचं. बहुतेकांना मिनिटाभरात बरं वाटतं. गरोदर बाईला मात्र डाव्या कुशीवर वळवायचं, नाहीतर पोटाच्या भाराने मोठी शीर दाबली जाते.

हे हायजिनिस्टनेच का शिकायचं? १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्येच या पेशाची नोंद झाली. दात साफ करणं हे त्यांचं मुख्य काम. ते चालू असताना डॉक्टर कधी शेजारच्या खोलीत असतात आणि पेशंटच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते ती हीच मुलगी. घाम तिलाच आधी दिसणार.

आमच्याकडचा ठरलेला प्रसंग संकष्टीचा. मधुमेहाचे आजोबा सकाळी इन्सुलिन घेतात, उपास म्हणून काही खात नाहीत, गणपतीचं दर्शन घेऊन थेट दवाखान्यात येतात. अर्ध्या तासात हात थरथरतात, घाम फुटतो आणि ते पोरीवर खेकसायला लागतात. तिला वाटतं, म्हातारा तापट आहे. खरं तर मेंदूला साखर कमी पडलेली असते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडाने थेंबही नाही. हाच प्रसंग एकदा वर्गात रंगवला, तर साखर कुठेच सापडेना! साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात शेवटी समोरच्या चहावाल्याकडून आणावी लागली.

म्हणून मी व्याख्यान आवरतं घेतो आणि हात चालवायला लावतो. सराव ऐन रंगात आला की हळूच मेन स्विच बंद करतो. विजेवरची खुर्ची तिथेच अडते. मुलं पेडल दाबत राहतात, एकमेकांकडे बघतात. मग कुणाला तरी सुचतं की पेशंटला खाली जमिनीवर घ्यावं. नाडी-श्वास बंद पडलेल्या माणसाचं सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, आडव्या खुर्चीतही करता येतं, पण खुर्चीचा पाठीचा भाग दबून हलू नये म्हणून त्याखाली स्टूल सरकवायचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती निदान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. बाहुलीवर दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून माणसं बदलत राहायची. एकाने आधीच १०८ फिरवलेला हवा.

जीवघेण्या अ‍ॅलर्जीत टोचायच्या अ‍ॅड्रेनॅलिन या औषधावर हमखास गोंधळ होतो. "सर, भुलीच्या इंजेक्शनात ते असतंच की." असतं, पण १:८०,००० प्रमाणात, म्हणजे एका मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम. जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाच्या मांडीत द्यायचे असतात ५०० मायक्रोग्रॅम. तेवढं भुलीच्या औषधातून काढायचं तर ४० मिली टोचावं लागेल! त्याची वेगळी अँप्युल, म्हणजे काचेची कुपी, असते ती यासाठी. टोचायचं काम डॉक्टरांचं, पण ती कुठल्या कप्प्यात आहे आणि तिची मुदत संपली नाही ना, हे हायजिनिस्टला माहीत हवं.

हाताला बसलेली सवय मात्र काही महिन्यांतच ढिली पडते. म्हणून शिकवून झालेल्या एका दवाखान्यात मी न सांगता पुन्हा गेलो आणि ऑक्सिजन चालू करायला सांगितलं. सिलिंडर भरलेला, मास्क स्वच्छ. पण सिलिंडर उघडायची चावी कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सिलिंडरची चावी सुतळीने त्याच्या मानेलाच बांधून टाकली.