प्लेटवर कॉलनी आली, म्हणजे नक्की काय झालं?

अँटिबायोटिक रेझिस्टन्स म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर औषधांना दाद न देणारं इन्फेक्शन, आणि ती भीती खरीच आहे. पण जीन क्लोनिंग करणाऱ्या लॅबमधे हाच रेझिस्टन्स रोज मुद्दाम वापरतात, आणि तो नसता तर हे काम गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखं झालं असतं. सुई नाही, गंजीतली एक विशिष्ट काडी म्हणा हवं तर.

झालंय असं की आपल्याला हवा असलेला जीन प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएमधे जोडायचा आणि ते प्लास्मिड ई. कोलाय बॅक्टेरियात घालायचं, एवढंच क्लोनिंग. फक्त ई. कोलाय ते सहजासहजी घेत नाही. मग त्याला कॅल्शियम क्लोराइडमधे बर्फावर ठेवायचं आणि मग एकदम ४२ डिग्रीला मिनिटभर किंवा त्याहून कमी वेळ चटका द्यायचा, की काही पेशी डीएनए आत घेतात. काही म्हणजे किती? पीयूसी१९ हे लॅबमधलं नेहमीचं प्लास्मिड, २६८६ बेस पेअरचं, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तेवढ्या पायऱ्यांचं. त्याच्या १ मायक्रोग्रॅममधे साधारण ३४,००० कोटी रेणू असतात आणि चांगल्या पेशी घेतल्या तरी त्यातून कॉलनी, म्हणजे एकेका पेशीपासून प्लेटवर वाढलेले ठिपके, मिळतात १० कोटींच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन हजार रेणूंमागे एक! बाकी पेशी कोऱ्याच राहतात आणि अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होत सुटतात.

म्हणून प्लास्मिडवर एक रेझिस्टन्स जीन बसवलेला असतो आणि प्लेटच्या आगारमधे, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीत, तेच अँटिबायोटिक घातलेलं असतं. ज्याच्याकडे प्लास्मिड तो जगला, बाकीचे मेले. १९७३ मधे स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या टीमने क्लोनिंगचे पहिले प्रयोग केले तेव्हाही टेट्रासायक्लिन आणि कॅनामायसिन या अँटिबायोटिक्सच्या रेझिस्टन्सवरच ही निवड केली होती. आणि हे जीन काही लॅबमधे तयार झालेले नाहीत हं, ते बॅक्टेरियाकडे आधीपासून होतेच. पेनिसिलिन मोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मधेच नोंदवलं होतं, म्हणजे पेनिसिलिन सर्रास वापरात यायच्याही आधी.

आता अँपिसिलिन या पेनिसिलिनच्याच भावंडाची गंमत. बॅक्टेरिया वाढताना पेशीभित्ती बांधत असतात, ते बांधकाम अँपिसिलिन बिघडवतं. रेझिस्टंट पेशी बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनवून ते औषधच तोडतात, पण हे एन्झाइम पेशीच्या बाहेरही झिरपतं, मग आजूबाजूच्या आगारमधलं औषध संपतं आणि तिथे प्लास्मिड नसलेले फुकटे उगवतात, मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके दिसतात ना तेच, सॅटेलाइट कॉलनी. प्लेट इनक्युबेटरमधे जास्त वेळ विसरली की हे हमखास होतं. नवीन माणूस खुश होतो की वा, किती कॉलनी आल्या! त्यातली बारकी उचलली की पुढचे दोन दिवस वाया. त्याऐवजी कार्बेनिसिलिन हे त्याच जातीचं औषध वापरलं तर हा त्रास बराच कमी होतो कारण ते जास्त टिकतं.

कॅनामायसिनचं वेगळंच. ते थेट रायबोसोमवर घाव घालतं, म्हणजे प्रोटीन बनवायच्या कारखान्यावरच, आणि वाचवणारं प्रोटीनसुद्धा त्याच कारखान्यात बनायचं असतं. त्यामुळे चटक्यानंतर पेशींना तासभर बिनऔषधाच्या ब्रॉथमधे, म्हणजे पातळ खाद्यात, ३७ डिग्रीला सावरू द्यावंच लागतं. अँपिसिलिनला ही पायरी घाईत उरकली तरी बऱ्याचदा निभावतं, कॅनामायसिनला नाही.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्ट्रेनमुळे, म्हणजे ई. कोलायच्या वाणामुळे. लोक प्लास्मिडचा नकाशा पाठ करतात आणि पेशी मात्र फ्रीझरमधे जी ट्यूब हाताला लागेल ती घेतात. एक्सएल१-ब्लू हा स्ट्रेन मुळातच टेट्रासायक्लिन रेझिस्टंट आहे, टॉप१० स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, बीएल२१ पीलायसएस कडे क्लोरॅम्फेनिकॉलचा रेझिस्टन्स आधीच असतो. अशा स्ट्रेनवर तेच औषध लावून निवड करायला गेलात तर प्लास्मिड असो नसो, सगळेच उगवणार, प्लेटभर सायीसारखा थर!

बरं, स्ट्रेन नुसता औषधापुरताच बघायचा नसतो. डीएच५ अल्फामधे रेकए जीन बिघडवलेला आहे म्हणून तो आपल्या डीएनएची फारशी उलटापालट करत नाही, आणि एंडए बिघडवलाय म्हणून प्लास्मिड काढताना ते कुरतडलं जात नाही. साठवायला, वाढवायला हा बरा. बीएल२१ प्रोटीन बनवायला, कारण लॉन आणि ओएमपीटी ही प्रोटीन चिरणारी दोन एन्झाइम्स त्यात नाहीत. प्लास्मिड काढायला मात्र बीएल२१ वापरू नये, क्वालिटी खराब येते. यातला डीएच५ अल्फा ज्या के-१२ घराण्यातला ते १९२२ मधे एका पेशंटच्या विष्ठेतून वेगळं केलेलं, पण इतकी वर्षं लॅबमधे लाडात वाढल्यामुळे आता माणसाच्या आतड्यात त्याचा नीट जम बसत नाही. तरी काम झाल्यावर सगळं ऑटोक्लेव्ह करायचंच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं, रेझिस्टन्स जीन असलेला डीएनए तसाच बेसिनमधे ओतायचा नाही.

आणि कॉलनी आली म्हणजे आपला जीन आला असंही नाही, प्लास्मिड नुसतं रिकामंच परत जुळलेलं असू शकतं. पीयूसी१९ मधे त्यासाठी रंगाची सोय आहे, आपला जीन आत बसला की प्लास्मिडवरचा लॅकझेड नावाच्या जीनचा तुकडा तुटतो आणि एक्स-गॅल या रंग देणाऱ्या रसायनावर कॉलनी पांढरी राहते, रिकामं असेल तर निळी. पण हेही डीएच५ अल्फासारख्या स्ट्रेनमधेच चालतं, कारण लॅकझेडचा उरलेला तुकडा पेशीने द्यायचा असतो. पांढरी दिसली तरी सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, बघायचंच.

दरवेळी एक जादा प्लेट लावा, त्याच पेशी, प्लास्मिड न घालता, त्याच औषधावर. ती कोरी राहिली तरच बाकीच्या प्लेटवरच्या कॉलनी मोजायला घ्या.