‘रोमिओ + ज्युलिएट’चा साउंडट्रॅक: घेण्याआधी हे वाचा

बाझ लुहरमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या १९९६ सालच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’ची गाणी आमच्याकडे सतत मागितली जातात. काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले असतात. कोणती सीडी घ्यायची? आणि शेवटी नावे सरकताना वाजते ते गाणे यात आहे ना? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो: नाही. त्यामागचे कारण पुढे येईल. पहिल्याचे उत्तर तुम्हाला काय आवडते त्यावर आहे, म्हणून हे पत्रक.

चित्रपटाविषयी थोडे

शेक्सपिअरला आजच्या कपड्यांत आणणे मराठी माणसाला नवे नाही. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा माणसे, नावे, भाषा सगळेच आपल्याकडचे केले. लुहरमनने उलटी वाट धरली. संवाद मूळ नाटकातलेच, काटछाट केलेले पण तेच इंग्रजी. बदलले ते गाव आणि काळ. त्याचे ‘व्हेरोना बीच’ हे काल्पनिक शहर आहे आणि चित्रीकरण मेक्सिकोत, मेक्सिको सिटी आणि व्हेराक्रूझच्या बाजूला झाले. माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन बडी उद्योग घराणी आहेत, त्यांची पोरे मोटारी उडवतात आणि पिस्तुले काढतात. नाटकात पात्रे ‘तलवार’ म्हणतात, म्हणून इथे पिस्तुलाच्या कंपनीचेच नाव ‘स्वोर्ड’ ठेवले आहे. नाटकाची नांदी टीव्हीवरची वृत्तनिवेदिका बातमीसारखी वाचते.

चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी पहिल्या झटक्यात कुणालाच पुरते कळत नाही, इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनाही नाही. ती अडचण इथे संगीताने सोडवली आहे. रोमिओ समुद्रकाठी एकटा, उदास बसलेला पहिल्यांदा दिसतो तेव्हा मागे रेडिओहेड या इंग्लिश बँडचे ‘टॉक शो होस्ट’ हळूहळू घुमत असते. त्याच्या तोंडचे एक वाक्य नाही कळले तरी हा पोरगा कुठल्या मनःस्थितीत आहे हे कळून चुकते. साउंडट्रॅक विकायचा म्हणून चित्रपटात गाणी कोंबलेली आपण पुष्कळ पाहतो. हा त्यातला नव्हे, असे आमचे ठाम मत आहे.

पहिली सीडी: तेरा गाणी

कॅपिटॉल रेकॉर्ड्सने हा अल्बम ऑक्टोबर १९९६ अखेरीस, चित्रपटाच्या तोंडावर काढला. आपल्याकडे चित्रपटाची गाणी म्हटली की एक संगीतकार, एक गीतकार असे डोक्यात असते. इथे तसे नाही. तेरा गाणी तेरा वेगवेगळ्या कलाकारांची आहेत. नेली हूपर, क्रेग आर्मस्ट्राँग आणि मारियस द व्रीस या तिघांनी चित्रपटाचे संगीत सांभाळले. हूपर त्याआधी मॅसिव्ह अटॅक हा बँड आणि गायिका ब्योर्क यांच्याबरोबर काम करून आलेला निर्माता, त्यामुळे गिटारच्या जोडीला संथ, जड ठोक्यांचा इलेक्ट्रॉनिक पोत सगळीकडे जाणवतो. या संगीताला पुढे बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कारही मिळाला.

सुरुवात गार्बेज या बँडच्या ‘नंबर वन क्रश’ने होते. मुळात हे गाणे त्यांच्या १९९५ च्या ‘व्हाव’ या सिंगलची, म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डची, बी-साइड होते, म्हणजे मुख्य गाण्यामागे जोडीला दिलेले. हूपरने त्याला नवे रूप दिले आणि १९९७ च्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. गंमत अशी की ‘टॉक शो होस्ट’ही बी-साइडच, १९९६ च्या जानेवारीत निघालेल्या ‘स्ट्रीट स्पिरिट’ सिंगलवरचे. बँडने मागच्या बाकावर बसवलेली दोन गाणी या अल्बमने पुढे आणली. ज्यांच्याकडे गार्बेजचा पहिला अल्बम आहे त्यांनाही ‘नंबर वन क्रश’साठी ही सीडी घ्यावी लागते, कारण त्या अल्बमवर ते नव्हते.

‘लव्हफूल’ तुम्ही नक्की ऐकले असेल, कॅफेत, लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी रिंगटोनवर. स्वीडनच्या द कार्डिगन्स या बँडचे गाणे. चाल इतकी गोड की शब्दांकडे लक्षच जात नाही. पण गाणारी बाई प्रियकराला विनवते आहे की खोटे का होईना, प्रेम आहे असे म्हण. याच अल्बमवर आणखी दोन स्वीडिश नावे आहेत: स्टीना नॉर्डेनस्टॅमचे कुजबुजल्यासारखे ‘लिटल स्टार’ आणि शेवटी द वॉनाडीजचे ‘यू अँड मी साँग’, जे कडव्यात लाजते आणि धृपदात एकदम गिटारचा दणका देते. आयर्लंडचे गॅव्हिन फ्रायडे आणि मंडी हेही आहेत. मंडीचे ‘टू यू आय बेस्टो’ लोक वगळून पुढे जातात. कृपया तसे करू नका.

आता फिशटँकचे गाणे. पार्टीत तोंडावर पाणी मारून रोमिओ भानावर येतो, माशांच्या मोठ्या टाकीशी येऊन आत डोकावतो आणि रंगीत माशांच्या पलीकडून दोन डोळे त्याच्याकडे पाहत असतात. तो चिलखतात, ती पांढऱ्या पंखांत. त्याच पार्टीत गायिका डेझरी स्वतः उभी राहून ‘किसिंग यू’ गाते आहे. पियानो, थोडी तंतुवाद्ये आणि तिचा आवाज, बाकी काही नाही. दोघांत एक शब्दही झालेला नसतो. आमच्याकडे ‘तेच गाणे द्या’ म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्यांना गायिकेचे नाव ठाऊक नसते, पण ती टाकी सगळ्यांना आठवते.

काही गाण्यांत रॉक नावालाही नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. ‘यंग हार्ट्स रन फ्री’ हे १९७६ चे कँडी स्टेटनचे डिस्को गाणे इथे किम मझेलने गायले आहे. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ पार्टीत नाचतो ते हेच. ‘एव्हरीबडीज फ्री’ हे १९९१ चे रोझाला यांचे क्लबमध्ये वाजणारे गाणे चर्चमधल्या क्विंडन टार्व्हर या मुलाच्या गळ्यात दिले आणि लग्नाच्या प्रसंगाला भजनासारखे झाले. उलट वन इंच पंचचे ‘प्रिटी पीस ऑफ फ्लेश’ खडबडीत, शिवराळ वळणाचे आहे, आणि ते शीर्षक मात्र थेट नाटकातून, पहिल्या अंकातल्या सॅम्प्सन या नोकराच्या तोंडून उचललेले आहे. घरात सगळ्यांसमोर लावायची असेल तर ते एक गाणे ध्यानात ठेवा.

जे गाणे यात नाही

चित्रपटाची अखेर करताना लुहरमनने शेवटच्या अर्ध्या तासाचे चित्रण रेडिओहेडला पाठवले आणि शेवटच्या नामावलीसाठी गाणे मागितले. बँड तेव्हा अमेरिकेत दौऱ्यावर होता. डोक्याला पिस्तूल लावलेली ज्युलिएट पाहून बँडचा गायक थॉम यॉर्कने गाणे लिहायला घेतले. ते म्हणजे ‘एक्झिट म्युझिक’. पडद्यावर नावे येताना ते वाजते, पण साउंडट्रॅकच्या सीडीवर घालायला यॉर्कने नकार दिला. बँडला ते स्वतःच्या अल्बमसाठी हवे होते. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’वर ते चौथे गाणे आहे. तेव्हा खास या गाण्यासाठी आला असाल तर साउंडट्रॅक नका घेऊ, ‘ओके कॉम्प्युटर’ मागा. परवडत असेल तर दोन्ही न्या, कारण साउंडट्रॅक ऐकून संपवल्यावर हे गाणे लावण्यात जी मजा आहे ती सुटे ऐकण्यात नाही.

दुसरी सीडी

१९९७ मध्ये ‘व्हॉल्यूम २’ निघाला. हे मुख्यतः पार्श्वसंगीत आहे, मध्ये मध्ये चित्रपटातले संवाद घातलेले. ‘ओ व्हेरोना’चा धडकी भरवणारा समूहस्वर यात आहे, चर्चमधल्या त्याच मुलाने गायलेले प्रिन्सचे ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ यात आहे, आणि शेवटाकडे ऑपेरा गायिका लिऑन्टिन प्राइस यांच्या आवाजातले, वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरातले ‘लिबेस्टोड’ही. रॉकसाठी आलेल्याची यात निराशा होईल. ज्याने चित्रपट दोन-तीनदा पाहिला आहे आणि ज्याला क्रेग आर्मस्ट्राँगचे तंतुवाद्यांचे काम आवडते, त्याने मात्र हीच आधी घ्यावी.

दोन्हींची मुखपृष्ठे घाईत सारखी वाटू शकतात. मागची यादी वाचा: पहिले नाव गार्बेजचे असेल तर पहिली सीडी, ‘प्रोलॉग’ असेल तर दुसरी.

जुनी प्रत घेताना

पहिला अल्बम अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि तिथे त्याला ३० लाख प्रतींचे, म्हणजे तिहेरी प्लॅटिनमचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा जुनी सीडी ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी चढ्या भावाने विकत असेल तर फसू नका, आमच्याकडूनही नाही. रेकॉर्डची गोष्ट वेगळी. तिची किंमत छपाई आणि अवस्था पाहून आम्ही प्रत्येक वेळी वेगळी सांगतो.

सीडीच्या चकचकीत बाजूवरचे बारीक चरे सहसा त्रास देत नाहीत. घाबरायचे ते छापील बाजूच्या ओरखड्याला, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. सीडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती प्रत ठेवून द्या. पुसायची ती मधून कडेकडे सरळ, मऊ सुती कापडाने, गोल गोल नाही. पावसाळ्यात आतल्या पुस्तिकेची पाने एकमेकांना चिकटतात, ती ओढून सोडवू नका, आमच्याकडे आणा. जुन्या कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका, हेड खराब होईल.

आमच्याकडची प्रत्येक जुनी सीडी आम्ही पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवून मगच फळीवर ठेवतो. तरी घरी नेल्यावर अडखळली तर पावती आणि डबी घेऊन आठ दिवसांत या. दुसरी प्रत असेल तर बदलून देऊ, नसेल तर पैसे परत. घेण्याआधी ऐकायचे असेल तर काउंटरवर हेडफोन आहे, सांगा म्हणजे लावून देतो.