प्रेअरीतले खळगे: बर्फाने ठेवलेली माती आणि वायूंचा हिशेब

कॅनडातल्या अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबापासून खाली अमेरिकेतल्या डकोटा, मिनेसोटा आणि आयोवापर्यंतच्या पट्ट्यात लाखो उथळ, पाणथळ खळगे आहेत. या ‘प्रेअरी पॉटहोल’ (गवताळ मैदानातले खळगे) प्रदेशाचा विस्तार सुमारे 7 ते 8 लाख चौरस किलोमीटर. इथून मिथेन हा हवा तापवणारा वायू किती सुटतो आणि मातीत कर्ब किती साठतो, याची मोजमापे बरीच झाली आहेत. पण शेजारशेजारच्या दोन खळग्यांचेही आकडे जुळत नाहीत. ‘सरासरी खळगा’ ही कल्पनाच मला फसवी वाटते.

हिमयुगाच्या अखेरीस हिमचादर मागे हटली आणि तिने खरवडून आणलेली चिकणमाती, दगडगोटे इथेच राहिले. त्यात गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे पुढे विरघळले, तिथे खड्डे पडले. बहुतेकांना ना ओढा येऊन मिळतो, ना त्यांच्यातून निघतो. पाणी येते ते मुख्यतः वितळलेल्या बर्फाचे आणि पावसाचे. हिमनदीच्या या गाळात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज होते. हवेशी संपर्क येऊन त्यातल्या गंधकाचे सल्फेट, म्हणजे पाण्यात विरघळणारे क्षार झाले. उंचावरच्या खळग्यांतून पाणी जमिनीत मुरताना क्षार धुऊन नेते, सखल भागात तेच भूजल वर येऊन क्षार सोडते. त्यामुळे एकाच शेतात वरचा खळगा गोड्या पाण्याचा आणि खालचा खारवट असू शकतो.

मिथेनचे गणित इथेच फिरते. प्राणवायू संपलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट हे दोघांचेही अन्न आधी फस्त करतात, मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या वाट्याला थोडेच उरते. म्हणून गोड्या पाण्याचे खळगे सहसा जास्त मिथेन सोडतात. नियम पक्का मात्र नाही. डकोटातल्या काही खळग्यांच्या गाळात दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी जोरात चाललेल्या आढळल्या, कारण मिथेनॉलसारख्या पदार्थांवर सल्फेटवाल्या जीवाणूंचा तितकासा डोळा नसतो.

गेल्या दोन शतकांत यातले किती खळगे टिकायचे, हे माणसाने ठरवले. अमेरिकन संसदेने 1850 च्या कायद्याने आयोवासारख्या राज्यांना, तर 1860 मध्ये मिनेसोटालाही दलदलीच्या जमिनी देऊन टाकल्या. त्या कोरड्या करून लागवडीखाली आणाव्यात, हा हेतू. मग चर खणले गेले, भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरल्या गेल्या. 1980 च्या दशकापर्यंत आयोवातल्या पाणथळ जमिनींपैकी जवळपास 89 टक्के गेल्या होत्या, नॉर्थ डकोटातल्या निम्म्या. चिबड जमीन पिकाखाली येणे ही त्या शेतकऱ्यांच्या लेखी प्रगतीच होती, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

खळगे वाचवायची पहिली हाक हवामानासाठी नव्हती, बदकांसाठी होती. उत्तर अमेरिकेतली बरीचशी रानबदके इथेच अंडी घालतात. 1934 मध्ये बदकांच्या शिकाऱ्यांना टपाल तिकिटासारखे विशेष तिकीट विकत घेणे सक्तीचे झाले आणि त्या पैशातून पाणथळी राखल्या जाऊ लागल्या. पहिल्या तिकिटावरचे चित्र आयोवाचे व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग यांचे. 1985 च्या शेतकी कायद्याने पाणथळ बुजवून पीक घेणाऱ्याचे सरकारी अनुदान रोखण्याची तरतूद केली.

वायूंचा विचार त्यानंतरचा. निचरा केला की मिथेन घटतो, पण शतकानुशतके पाण्याखाली राखलेला सेंद्रिय कर्ब हवेच्या संपर्कात येऊन कुजतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून निघून जातो. शेतातले नत्र खळग्याच्या ओलसर काठाशी येते. तिथली माती ना पूर्ण कोरडी, ना पूर्ण बुडालेली. नायट्रस ऑक्साइडला हीच स्थिती मानवते, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट हवा तापवतो. खळगा पुन्हा भरला, तर मिथेन लवकर परततो, गेलेला कर्ब साठायला मात्र दशके लागतात. पुनर्भरणाचा फायदा किती वर्षांच्या हिशेबात मोजायचा, यावरचा वाद त्यामुळेच मिटत नाही.

दरम्यान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 आणि 2023 च्या निकालांत केंद्रीय जलकायद्याचे संरक्षण आक्रसत नेले. 2023 च्या निकालानुसार नदी-तलावांशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळींनाच ते मिळते. ओढ्याशी नाते नसलेले बहुतेक प्रेअरी खळगे त्यामुळे बाहेर पडले. त्यांच्यासाठी उरले राज्यांचे कायदे आणि 1985 ची ती अनुदानाची अट.